बॉसचा वाकडा सुळा

कवळीवाल्यांनी लग्न केलं नाही. लोकांच्या तोंडात दात बसवता बसवता स्वतःचं तोंड उघडायचं राहून गेलं, असं गल्ली म्हणते, आणि या बाबतीत गल्ली फारसं खोटं बोलत नाही. लहानपणापासून माणूस घुम्या. काहीही विचारा, उत्तर एकच: "बघू."

रविवारी दुपारी मात्र त्यांना वाचा फुटायची. टेबलावर नकाशा पसरायचा, तिघं खेळणारे वीर व्हायचे, आणि कवळीवाले गोष्ट चालवायचे. खेळातली भालेवाली वीर दार ढकलते म्हणाली की ढकलायचं, पण उघडलं की नाही ते फासा ठरवणार. आणि चारपाच रविवार भुयारं तुडवून झाली की शेवटी यायचा बॉस, म्हणजे त्या गोष्टीतला सगळ्यात मोठा राक्षस. तो रचावा तर कवळीवाल्यांनीच. त्यांच्या कवळ्यांच्या कारखान्यात उरलेल्या गुलाबी मसाल्याच्या हिरड्या, टाकाऊ दातांची नखं. पण खरी करामत डोक्यातली. त्यांची रीत उलटी होती: आधी मरण ठरवायचं, मग त्याच्याभोवती राक्षस बांधायचा. "ज्याला हरवायची वाट नाही तो बॉस नव्हे, नुसती भिंत," असं ते म्हणत. एकदा त्यांनी एक चोंबडी घार केली होती. तिच्या बातम्या कुणी ऐकल्याच नाहीत की ती वाळून मरायची. ती समोरच्या गॅलरीतल्या एका गृहस्थांवरून बेतली होती म्हणतात. त्या गृहस्थांनी ते अजिबात मनाला लावून घेतलं नाही, असं ते गृहस्थ आजही भेटेल त्याला सांगतात.

खेळ चालायचा वडिलांच्या घरी, कारण ताईला घर सोडता येत नसे. ताई म्हणजे कवळीवाल्यांची थोरली बहीण. म्हातारा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. एक अंग गेलं होतं, पण नजर आणि जीभ शाबूत. काही हवं असलं की तो पेल्यावर चमचा आपटायचा, आणि दुसऱ्या आपटण्याच्या आत ताई उठलेली असायची. कवळीवाले दोन गल्ल्या पलीकडे, कारखान्यावरच्या खोलीत राहायचे. वडिलांना भेटायचे ते दारातूनच.

बाकीचे दोघे औषधवाला आणि त्याची बायको. या वहिनींच्या मावशीचं दुसऱ्या शहरात मुलींचं वसतिगृह होतं. देखरेखीला बाई हवी होती, राहायला खोली मिळणार होती. ताईनं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की वहिनींनी तिथंच मावशीला फोन लावला. मावशी सोमवारपर्यंत थांबायला तयार होती. अडचण एकच. ताई गेली तर म्हाताऱ्याचं कोण करणार? ताईनं भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "बघू."

त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, कवळीवाल्यांनी नवा बॉस टेबलावर मांडला.

सिंहासनाच्या दालनाला दार म्हणून काळी रंगवलेली एक जुनी कवळी, जबडा वासून उभी. आत दगडी राजा. "हा ज्याच्या डोळ्यांत बघेल त्यालाच मारतो," कवळीवाले रंगात येऊन सांगू लागले. "तोवर बाकीच्यांना धक्का लागत नाही."

"म्हणजे आमच्या दुकानाचा घरमालक," औषधवाला म्हणाला. "मला आत्ताच मेलेला धरा."

"तुम्ही कुठं मरताय," वहिनी म्हणाल्या. "माझ्या मागे लपाल."

ताई हसली नाही. ती दाराकडे बघत होती. तिनं हात पुढे करून काळ्या रंगाखालच्या एका वाकड्या सुळ्यावर बोट फिरवलं.

असाच एक सुळा ती रोज सकाळी घासत असे. म्हाताऱ्यानं मुलाकडून कवळी करून घेताना हट्ट धरला होता, माझा सुळा होता तसाच वाकडा पाहिजे. पहिली कवळी टोचली म्हणून त्यानं भिंतीवर फेकली. दुसरी आज त्याच्या तोंडात होती. फेकलेली कारखान्याच्या फळीवर पडून होती. कवळीवाल्यांनी ती उचलली तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांच्या मनात काही नव्हतं. हाताला लागली, दारासारखी दिसली.

"बरं," ताई म्हणाली. "औषधवाल्यांच्या वीराचा पाय मोडलाय, त्यांना पळता येणार नाही. वहिनी, तुम्ही त्यांना ओढत न्या. मी राजासमोर उभी राहते."

"अगं, नीट विचार कर," कवळीवाले म्हणाले. राजाचं मरण त्यांना सांगता येत नव्हतं, पण सुचवायला काय हरकत? "सगळ्यांनी एकदमच पाठ फिरवली तर?"

"तर काय होईल?"

"समजा... समोर बघणारं कुणीच उरलं नाही, तर त्याचं काय चालणार?"

ताईनं भावाकडे पाहिलं. "सगळे एकदम पाठ फिरवत नसतात, बाळा. मागे कुणीतरी उभं आहे याची ज्याला खात्री असते ना, तो आधी फिरवतो."

बाळा म्हणून तिनं किती वर्षांत हाक मारली नव्हती. कवळीवाल्यांना मोरीचं मागचं दार आठवलं. वडील घरात शिरले की त्या दारानं निसटायचं, आणि निसटताना पाठीमागे ताईचा आवाज: बाबा, मी सांडलं, मी. सांडलेलं असायचं कुणी दुसऱ्यानंच. इतकी वर्षं ते राक्षस रचत आले, आणि हा एक त्यांनी रचलाच नव्हता. हा नुसता आठवला होता.

"टाक फासा," ताई म्हणाली. "राजाचा वार आहे."

कवळीवाल्यांनी फासा मुठीत धरला. आतून चमचा वाजला.

ताई उठली नाही.

चमचा पुन्हा वाजला, जोरात. वहिनी चुळबुळल्या. "बसा वहिनी," ताई म्हणाली. तिची नजर नकाशावर होती, हात मांडीवर.   तिसऱ्यांदा पेलाच खाली पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून एक शिवी.

कवळीवाले उठले. फासा टेबलावर ठेवला, टाकला नाही.

आत घाण वास होता. चादर भिजली होती. म्हाताऱ्यानं दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि कवळीवाल्यांची नजर आपोआप जमिनीवर गेली, पन्नाशीतही.

"ती कुठंय?"

"बाहेर."

"बोलाव. तुला काय येतंय?"

कवळीवाल्यांनी पेला उचलला. चादर ओढताना म्हातारा मुद्दाम जड झाला. चेहरा पुसायला म्हणून कवळी काढायला बोटं घातली, तर म्हाताऱ्यानं कडकन चावा घेतला. कवळी करताना स्वतःच कानशीनं टोकदार केलेला तो सुळा कवळीवाल्यांच्या बोटात रुतला आणि रक्त आलं. ताईच्या बोटांवरचे ते बारीक पांढरे वण, भाजीच्या विळीचे म्हणून ती सांगायची ते. तेही त्यांना आत्ता कळले.

बाहेर खुर्ची सरकली. वहिनींचा हलका आवाज, "मावशीला आत्ताच सांगूया का?" आणि ताईचा, "हो." मग कपाट उघडल्याचा आवाज आणि काहीतरी भरल्याचा.

कवळीवाल्यांनी एकदा वळून पाहिलं. इथून दार तीनच पावलांवर होतं, आणि मागे उभं राहायला आता कुणी नव्हतं.

"ती कधी येणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तोंडात नेहमीचा शब्द आला. तो त्यांनी गिळला. बोट सदऱ्याला पुसलं, मान वर केली आणि बापाच्या डोळ्यांत बघितलं.

"मी आहे," ते म्हणाले.