बेबीवहिनींनी सांगितलेली वेळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. आता सानगडीच्या या घरात मी एकटाच; संध्याकाळी शेजारचा शालिक येऊन बसतो, तेवढाच माणसाचा आवाज. म्हणूनच तर अजूनही—

सांगतो. नागपूरला आयुष्यभर प्रोग्रामिंग केलं. निवृत्त झाल्यावर इथे गावी येऊन आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट बनवली. साइटवर भरलेली जन्मवेळ माझा प्रोग्राम जेसॉनमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या एका ठरावीक साच्यात, पत्रिका काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवायचा. त्या जेसॉनच्या सेटिंगमध्ये मी बदल केला— सगळ्या वेळा जागतिक, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत जाऊ देत. तेच शुद्ध वाटलं. पलीकडचा प्रोग्राम मात्र ती वेळ इथलीच समजायचा. म्हणजे प्रत्येक जन्म साडेपाच तास आधीचा. पडद्यावर वेळ बरोबरच दिसायची, मग चूक कळणार कुणाला?

शालिकच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न लाखांदूरला जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडच्यांनी साइटवरून पत्रिका काढली, कडक मंगळ निघाला, नकार आला. मी त्याच दुपारी तपासलं. खऱ्या वेळेला मंगळ नव्हता. सेटिंगची ती एक ओळ दुरुस्त केली आणि गप्प बसलो. आणखी किती पत्रिका तशा गेल्या, ते पाहिलंही नाही.

संध्याकाळी शालिकनं घरी बोलावलं.

"भाऊ, मशीन चुकते काय कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग हिनंच टाइम चुकीचा सांगतला."

त्याची बायको, बेबीवहिनी, दारात उभ्या होत्या. "मले पक्कं आठवते जी. दवाखान्यातलं घड्याळ समोरच होतं."

मी का बोललो नाही? मंडळानं साइटबद्दल नुकताच माझा सत्कार केला होता— इतकं क्षुद्र कारण. पुढे वर्षाचं लग्न दुसरीकडे झालं, बरं चाललंय म्हणतात. पण शालिकनं वहिनींना ते कधी विसरू दिलं नाही. पाहुणे बसले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणायचा, "सांग वो, किती वाजले? पाहून सांगजो." सगळे हसायचे. वहिनी चहाचे कप उचलून आत जायच्या.

मीही हसलो आहे. एकदा नाही— पुष्कळदा.

वहिनी मागच्या उन्हाळ्यात गेल्या. तेव्हापासून शालिक रोज येतो. खरं सांगितलं तर तो यायचा थांबेल, या भीतीनं मी हे वर्षही काढलं.

वहिनींनी वेळ बरोबर सांगितली होती. मला ते त्याच दुपारी माहीत होतं.