स्वातीचं डोकं

आंधळगावात पोरीचं डोकं दुखलं की तपासणी ओट्यावरच उरकते. मोबाईल, दुसरं काय! सोळा वर्षांच्या स्वातीचा निकालही असाच लागला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी अर्धशिशी म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, जेवण वेळेवर, झोप पुरेशी, मोबाईल जरा बेताने, असं बरंच समजावलं. तिच्या बापाच्या, नंदलालच्या, डोक्यात त्यातलं शेवटचंच तेवढं राहिलं.

पोरीच्या कानात दिवसभर इयरफोन असायचे, हे खोटं नव्हतं. पण गाणी कुठली? पुढच्या खोलीत माग होता. नंदलाल कोशाच्या रेशमाच्या साड्या विणायचा आणि धोट्याची खटखट सकाळपासून स्वातीच्या कपाळात शिरायची. दहावीचं वर्ष, त्यात महिन्यातून आठ-दहा दिवस शाळा बुडायची. मैत्रीण रीता वर्गातले धडे वाचून, आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. स्वाती फोन पालथा ठेवायची, डोळे मिटून ऐकायची. तेवढा वेळ माग जरा लांब जायचा. पण हे घरात सांगणार कसं? ज्याच्यावर घर जेवतं, त्यालाच नावं ठेवायची?

दिवाळीनंतर नंदलालने फोन सुताच्या पेटीत घालून कुलूप लावलं. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट झालं. आई, दुर्गाबाई, कपाळावर सुंठ उगाळून लावायची. ती बिचारी आणखी काय करणार.

एका सकाळी नंदलाल विणता विणता थांबला. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. धोटा हातातच धरून त्याने विचारलं, "मागानं त दुखत नाही ना वं तुह्यं डोकं? खरं सांग. इकून टाकतो. कुठी बी मजुरीले जाईन."

पन्नाशीचा माणूस. विणण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं. स्वातीच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"नाही बाबा. मोबाईल गेला तवापासून मले बरं वाटून राहिलं."

आता फोन परत मिळणार नाही, रीताचे धडे बंद, म्हणजे दहावी गेली, हे तिला बोलता बोलताच कळलं. नंदलालचा जीव मात्र भांड्यात पडला. त्याच दिवशी त्याने फोन भाच्याला, विक्कीला देऊन टाकला आणि ओट्यावर भेटेल त्याला सांगत सुटला, मोबाईल काढून घ्या, पोरं बरी होतात. मग अर्धी राहिलेली साडी पुरी करायला तो हौसेने मागावर बसला.

स्वाती मोरीत जाऊन ओकली. खटखटीत ते कोणाला ऐकू गेलं नाही.