छातीइतके गवत

ज्याने पृथ्वीला आधार दिला आणि गवताच्या केसाएवढ्या मुळाला माती धरून ठेवण्याचे बळ दिले, त्या दयाघनाला आधी वंदन. देवा, तू नांगर धरणाऱ्याचा आहेस. अर्ज लिहिणाऱ्याचा आहेस आणि तो अर्ज परत धाडणाऱ्याचाही तूच आहेस. माझ्या जिभेवर राग चढला तर तो तूच उतरव. कारण आज ज्या माउलीविषयी सांगायचे, तिच्याभोवती गोड बोलणारे माणूस फारसे नव्हतेच.

तिला सारे आरसाबाई म्हणत. आरशात पाहण्याची हौस होती म्हणून नव्हे. तिचे शेत आरशासारखे लख्ख असे म्हणून. नांगराच्या तासात काडी नाही, बांधावर तण नाही. घरातला झाडू आणि शेतातले खुरपे ती एकाच खिळ्याला टांगी. नवरा गेल्यावर हे शेत तिने एकटीने सांभाळले. वाटणीत शेजारचा तुकडा धाकट्या दिराकडे गेला होता; त्या दिवसापासून दोघांचे जे वैर जुळले, ते दोघांनीही पिकाहून जास्त निगुतीने जोपासले.

पण दिराहून मोठा शत्रू होता ओढा. दर पावसाळ्यात तो आरसाबाईंच्या शेताचा काठ चार-पाच हात गिळी. अशात कृषी कार्यालयाची योजना आली. ओढ्याकाठचा दहा पावलांचा पट्टा तीन वर्षे मोकळा सोडायचा, त्यात नांगर घालायचा नाही, विळा लावायचा नाही. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत गवत कमरेइतके भरले, की सरकार काठाला दगडी भिंत बांधून देईल. भिंत झाली तर शेत राहील, नाही तर ओढा आहेच.

ज्या बाईने जन्मभर तणाची काडी सोसली नाही, तिने डोळ्यांदेखत रान माजू द्यायचे! तिने अर्जावर सही केली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

दीर बांधावर उभा राहून म्हणे, "वहिनी, आरशाला दाढी आली की हो!"

"दाढी सरकारी आहे, भावजी. हात लावू नका."

"उंदीर माझ्या शेतात येतात. बी माझ्या शेतात उडतं. मी सोडणार नाही, सांगून ठेवतो!"

"आयुष्यात काही धरलंत का कधी, सोडायला?"

तपासणीच्या आठ दिवस आधी दिराने त्या गवतात उभे राहून, हात पसरून, लेकीकडून आपला फोटो काढून घेतला. तक्रार लिहिली, फोटो जोडला आणि कार्यालयात जाऊन तारखेचा शिक्का मारून घेतला. आदल्या संध्याकाळी मात्र त्याने नेमके मर्मावर बोट ठेवले. "उद्या तपासणीच्या मॅडम येणार. हा उकिरडा दाखवणार त्यांना? आमच्या घराण्याचं नाक कापणार तुम्ही."

वाचकहो, तीन वर्षांचा संयम त्या एका वाक्याने तुटला. उजाडताच माउलीने विळा घेतला. सून चहा घेऊन आली तेव्हा पट्टा भुईसपाट होता, कापलेले बरेचसे ओढ्यात लोटले होते आणि उरलेले गाय गव्हाणीत तोंड घालून संपवीत होती.

"आई! हे काय केलंत? तेच तर मोजायला येतायत!"

"बाहेरचं माणूस दारात येणार, आणि मी हे रान दाखवू?"

"अहो, ती पाहुणी नाही, तपासणी आहे!"

विळा हातातून गळून पडला. हसू नका. कोणी येणार म्हटले की अंगण झाडायचे, हे जिच्या हाडीमासी मुरले, तिचा हात तिला विचारून थोडाच चालतो?

जीप आली. तपासनीस बाई मोजकाठी घेऊन उतरल्या. "गवत कुठंय?"

"कापलं. तुम्ही येणार म्हणून."

"मी येणार म्हणूनच ठेवायचं होतं! कागद वाचला नाहीत?" त्या खाली बसल्या, खुंट ओढून पाहिले; मातीचा कण हलला नाही. "मुळं जागेवर आहेत. कापल्याबद्दल ताकीद देऊन भागेल. पण उंची? पुरावा काय?"

"गाईच्या पोटात आहे," आरसाबाई कडवटपणे म्हणाल्या. "घाला तिथं काठी."

"मग नापास." पेनाचे टोपण निघाले.

बांधावरून दीर खदखदून हसला. पण विजयात गप्प राहील तो दीर कसला! "आणि माझी तक्रार? ती आधी लिहा, मॅडम! छातीइतकं माजलं होतं, छातीइतकं! फोटो जोडलाय!"

पेन थांबले. मॅडमनी फाइलमधून तक्रार काढली, फोटो पाहिला, शिक्क्याची तारीख पाहिली. मग दिराकडे पाहिले.

"सरळ उभे राहा."

"मी? कशाला?"

काठी त्याच्या पायाशी टेकली, छातीपर्यंत गेली. मॅडम लिहू लागल्या, "उंची, तक्रारदाराच्या छातीइतकी. पास."

"मी तक्रार मागे घेतो!"

"शिक्का बसलाय."

आरसाबाईंनी फोटो हातात घेऊन नीट न्याहाळला. "भावजी, पुढच्या वेळी उन्हाकडे तोंड करून उभे राहा. चेहरा अगदी काळा आलाय."

मॅडम हसल्या नाहीत. "आजी, पुन्हा विळा दिसला तर भिंत रद्द," एवढे बजावून, ताकिदीचा कागद हातात देऊन त्या निघून गेल्या. दीर त्या दिवसापासून बांधावर पाठ फिरवूनच उभा राहतो.

पावसाआधी भिंत झाली. विळा सुनेने कपाटात घालून किल्ली कमरेला लावली आहे. गवत पुन्हा कमरेला आले आहे, आणि आरसाबाई तिथून जाताना आजही मान फिरवतात.

दयाघना, त्या मान फिरवणाऱ्या माउलीला दीर्घ आयुष्य दे. तिच्या काठाची माती तिच्याच शेतात राहू दे, सुनेची किल्ली हरवू देऊ नकोस, गाईला तृप्त ठेव. आणि बांधापलीकडच्या त्या घरावरही तुझी छाया असू दे; त्याच्या रागातूनही तू तिचे शेत राखलेस, आता त्यालाही राख.