कासवाच्या पाठीवरच्या गोचिड्या

हसू नका, तर सांगतो. चहा येईपर्यंत ऐका. पोरीचं ठरत आलेलं लग्न मी एका करवंटीनं खरवडून काढत होतो!

आम्ही असोद्याचे केळीवाले. पोरीनं पसंत केलेला मुलगा थेट कोकणातला. कासवांचं काहीतरी काम करतो, एवढंच कानावर आलेलं. पोरीला घेऊन घर बघायला निघालो, तर जळगाव सोडल्यापासून बायकोचं एकच, "हे पाहा, तिथं शहानपना करू नका बरं!"

रात्री मुलाच्या घरी पोचून झोपलो. पहाटे जाग आली. मागच्या दारी समुद्र. पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं सुरू होतं, काही कळेना. लाटा कशा, कोणी झोपेत श्वास घ्यावा तशा! अंगणातल्या हौदात एक कासवीण. मुलानं आदल्या दिवशी जाळ्यातून सोडवून आणलेली. पाठीवर शेवाळाचं कुरण, त्यात पांढऱ्या टणक गाठींची वस्ती आणि शेपटीपाशी ओसरीवर बसल्यासारखा इवलासा खेकडा. अख्खं गाव घेऊन बाई तरंगत होती.

पण डोळ्यांतून पाणी!

मी विरघळलोच. आपल्या बैलाच्या अंगावर एक गोचीड दिसली तरी मला घास उतरत नाही. इथं तर बाजार भरलेला! बाह्या वर केल्या, खोबरेल आणलं, करवंटी घेतली आणि पोळ्याचा बैल घासावा तसा लागलो घासायला.

"अवो, काय करू राह्यले तुम्ही?" मागून बायको किंचाळली. तिच्यामागे पोरगी, व्याही आणि हातात वही घेतलेला मुलगा.

"गोचिड्या काढतोय. रडत होती बिचारी."

"काका, ती रडत नाही, अंगातलं मीठ बाहेर टाकते. आणि हे बार्नॅकल. खेकड्यांचे भाऊबंद, तिच्या पाठीवर नुसते राहतात." त्याचा आवाज बारीक झाला. "तिच्या अंगावर कोण कोण राहतं, हाच माझा अभ्यास. आज लिहून घेऊन तिला सोडणार होतो. शेपटीपाशी खेकडा होता, तो कुठाय?"

हौद पाहिला, अंगण पाहिलं. खेकडा नाही! पोरीचे डोळे भरले. व्याही एकदम समुद्राकडे बघू लागले. मी तर मनातल्या मनात परतीच्या गाडीत बसलोसुद्धा.

तेवढ्यात काखेत गुदगुली. मग चिमटा. मी हा उडालो!

"हलू नका, काका!" मुलानं अलगद बाहीत हात घातला आणि खेकडा काढला. पहिल्यांदाच हसला. मग वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलं?" मी घाबरत विचारलं.

त्यानं वाचलं, "खेकडा एक. सापडला, होणाऱ्या सासऱ्यांच्या अंगावर. पाठ जाड, प्राणी निरुपद्रवी."

'होणाऱ्या सासऱ्यांच्या'! माझा जीव भांड्यात पडला.

बायको मात्र पुढे सरसावली, "जावईबापू, बाकी बरोबर हाये. ते 'निरुपद्रवी' तेवढं खोडा बरं!"