बू वार्तिनींचा तळहात

बू वार्तिनींची आठवण आली की माझ्या नाकात अजून बामाचा वास येतो. जावातल्या आमच्या डोंगराळ गावच्या इस्पितळात त्या तीस वर्षं नर्स होत्या; 'बू' म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. नाण्याला बाम लावून पाठ लाल होईस्तोवर घासली की अंगात शिरलेला वारा निघतो, ही आमच्याकडची रीत. मी नवा डॉक्टर, नाक मुरडायचो. त्या मात्र जेवणाच्या सुट्टीत शिपायांच्या पाठी घासून द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "तुम्हीपण बसा डॉक, तुमच्या तर डोक्यातच हवा गेलीय!" काय दिवस होते ते.

एका सकाळी सहा वर्षांच्या किनासिहला तिची आई घेऊन आली. दोन दिवसांपूर्वी पोरगी बापाच्या स्कूटरवर पुढे उभी होती. स्कूटर म्हशीवर आदळली, हँडल पोटात बसलं. वरून ओरखडाही नव्हता, म्हणून घरच्यांनी नाणं घासलं. आता तिला धाप लागली होती. छातीत डावीकडे श्वासाचा आवाज नाही, एक्स-रेत तिथे हवाच हवा. फुप्फुसाबाहेर साठलेली हवा बरगड्यांतून नळी घालून काढायची, असं मी ठरवलं. जागा औषधाने पुसली, सुरी उचलली.

"नाणं घासताना बरगड्यांत गुडगुडत होतं हो," आई रडत म्हणाली. "वारा तिथंच अडकलाय."

मी लक्ष दिलं नाही. मी पुसलेल्या जागेवर बूंनी तळहात ठेवला.

"हात काढा, बू! वेड लागलंय का?"

"गुडगुडतं ते पोट, डॉक. आधी नाकातून पोटात नळी घालू, पुन्हा फोटो काढू."

"आणि तेवढ्यात पोरगी गेली तर?"

"तर माझ्यामुळे गेली म्हणा."

मी चिडलो, पण ऐकलं. फोटोत नळीचं टोक पोटात नव्हतंच, ते छातीत वेटोळं घालून बसलं होतं. छाती आणि पोटामधला पडदा फाटून जठर वर सरकलं होतं. माझी सुरी थेट त्यातच शिरली असती. दुपारी सर्जननी पोट उघडून जठर खाली ओढलं, पडदा शिवला. आठवड्याभरात किनासिह केळीच्या पानातला चिकट भात मागून खायला लागली.

बू निवृत्त झाल्या तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी इतकी खात्री कशी होती तुम्हाला?"

"कसली खात्री, डॉक?" त्या म्हणाल्या. "हात थरथरत होता. तुम्हाला दिसू नये म्हणून तिच्या छातीवर दाबून धरला होता."