शेवटचा खिळा

गेलेल्या माणसाचा फोटो फ्रेम करावा तो सांगलीच्या भाऊसोंनीच. तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. त्यांची एक रीत होती. मागचा शेवटचा खिळा ठोकताना गेलेल्याचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं. नाव घेतलं की माणूस फ्रेममध्ये बसतो, मग परत येत नाही, असं ते सांगायचे. लोक हसायचे, पण नाव न विसरता सांगून जायचे.

स्वतःच्या बायकोचा फोटो मात्र खणात पडून होता. एक्क्याण्णव साली रंगुबाई धुणं घेऊन कृष्णेवर गेली ती गेलीच. धुणं सापडलं, ती नाही. कुणी फ्रेमचा विषय काढला की भाऊसो अंगावर जात, "मढं दावा, मग बोला!"

चार वर्षांनी गल्लीतल्या पद्मावहिनी एक चित्र फ्रेम करायला घेऊन आल्या. सासऱ्यांनी फ्रान्सहून आणलेलं, शंभर वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. शहर, पूल, नदी आणि नऊ पायऱ्यांचा घाट. काच तेवढी फुटली होती.

भाऊसोंनी चित्र पुसलं. सगळ्यात खालच्या पायरीवर नखाएवढी बाई उभी होती, डाव्या कमरेवर गाठोडं घेऊन. रंगुबाई डावखुरी होती.

दुसऱ्या दिवशी ती एक पायरी वर आली होती. तिसऱ्या दिवशी आणखी एक. दुसरा कुणी दुकान टाकून पळाला असता. भाऊसो रोज दाढी करून यायला लागले. वहिनी आल्या की, "आज न्हाई वैनी, उद्या या."

आठव्या दिवशी वहिनी स्टुलावर बसूनच राहिल्या. "उद्या पाहुणे यायचेत. आज घेतल्याशिवाय हलणार नाही."

एकच पायरी उरली होती. वरची पायरी काय, ती वहिनींच्या घरी चढेल, आपण सकाळीच बघायला जाऊ, अशी भाऊसोंनी मनाची समजूत घातली. काच बसवली, चित्र पालथं घातलं, खिळे मारत आले. शेवटच्या खिळ्याला तीस वर्षांच्या सवयीने तोंड आपसूक उघडलं.

"रंगू."

हातोडी खिळ्यावर पडून गेली होती. भाऊसोंनी चित्र उलटलं. घाट रिकामा होता.

"वैनी, हितं बाई हुती, ती कुठं गेली?"

"कुठली बाई? माझ्या लग्नापासून बघतेय, घाट मोकळाच आहे."

वहिनी गेल्यावर त्यांनी खण उघडला. फोटोची कड ओली झाली होती. "घरापतुर आली हुती गं," म्हणत ते हमसून रडले. मग बाहीने फोटो पुसला आणि माप घ्यायला पट्टी उचलली.