बत्ताशाने शांत होणारी देवी

मनोहरकाकांना भोंदूगिरीचा भारी राग. इथे बंगालात, भवानीपूरला ते आमच्या शेजारी राहायचे. इस्पितळात सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासायचे आणि घरी आले की देवाधर्मावर तोंडसुख घ्यायचे. नेमकी त्यांच्याच घरात देवी यावी, याला काय म्हणावं!

देवी यायची ती त्यांच्या भावजयीच्या, श्यामलावहिनींच्या अंगात. सोमवारी कडक उपास. दुपार कलली की वहिनींना दरदरून घाम सुटे, त्या भलतंच बोलू लागत. लगेच शेजारणी ओटी घेऊन हजर. तोंडात बत्तासे घातले, साखरेचं तीर्थ पाजलं, की देवी शांत! सगळ्या पाया पडत. काका मात्र पहिला हुंकार ऐकताच चपला घालून बाहेर पडत. वर्षानुवर्षं हेच चाललं. घरातल्या एकुलत्या एका डॉक्टराने ते एकदाही नीट पाहिलं नाही, याची मला अजून चीड येते.

त्रेपन्न साली एका सोमवारी शेजारणी बारशाला गेल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरात कोसळल्या. घरात एकटे काका. त्यांनी घाबरून साखरपाणी पाजलं. थोड्याच वेळात वहिनी उठून पदर सावरू लागल्या आणि काकांना एकदम उमगलं. उपासाने येणारी, साखरेने जाणारी देवी!

रक्त तपासलं, तर साखर फारच कमी. शस्त्रक्रियेत स्वादुपिंडातून वाटाण्याएवढी गाठ निघाली. तिचा पातळ काप लावलेली काचपट्टी काकांनीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशी कुठे फितींसारख्या, कुठे पुंजक्यांत, कुठे पोकळीभोवती कडं करून. ती कडी पाहून सहकारी कर्करोग म्हणाला. काकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. रूपं निरनिराळी, पण पेशी एकाच जातीच्या, रक्तातली साखर उतरवणारं इन्शुलिन बनवणाऱ्या. गाठ दुर्मीळ, पण साधी.

निदान अचूक होतं, पण फार उशिरा झालं. साखरेवाचून वहिनींचा मेंदू वर्षानुवर्षं उपाशी राहिला होता. इथे बंगालीत वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या वहिनींना आता ‘क’पुढचं अक्षर आठवेना.

काका रोज सकाळी पाटी घेऊन त्यांच्यापाशी बसू लागले. एकदा वहिनी म्हणाल्या, “भावजी, देवी नाही हो येत आता.”

“ती देवी नव्हती वहिनी, आजार होता.”

वहिनींनी पाटी बाजूला ठेवली. “असेल. पण तेव्हा सगळ्या माझ्याजवळ बसायच्या. तुम्ही तेवढे उठून जायचात.”